सकाळच्या पाळीची ताई

३ मार्च

ढब्बू,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तीन वर्षांनी ताईचं पत्र म्हटल्यावर तुझ्या डोक्यात पहिलं तेच येणार, म्हणून आधी सांगून टाकते. बाबा ठणठणीत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांपेक्षा ते स्वतः जास्त कुरकुरतात. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने काढतात आणि मला आणून दाखवतात, जसं काही मीच ते छापलंय.

पत्र मास्तरांच्या दुकानात ठेवतेय. तू शिलाई तिथे शिकलास आणि अजून अधूनमधून तिथे डोकावतोस, एवढंच मला कळलंय. तू राहतोस कुठे म्हणून विचारलं, तर तोंडात टाचण्या धरून नुसते हं हं करत बसले. टाचण्या काढल्यावर म्हणाले, "बाई, चिठ्ठी द्यायची तर द्या, पोचवीन. पत्ता मागू नका." वर माझ्या कुर्त्याची बाही बघून म्हणाले, ही कोणी शिवली त्याला जरा माझ्याकडे पाठवा. माणूस काही बदललेला नाही.

मी औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली. दिवसभर उभं राहून पायांचे खांब झाले होते. आता एका संस्थेत आहे, दीड वर्ष झालं. बसून काम. कॉम्प्युटरवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं लिहायची. विशेष काही नाही.

तू कसा आहेस? वेळेवर जेवतोस ना? रागावू नकोस, मला दुसरा प्रश्नच सुचत नाही. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी वीसची. तेव्हापासून हाच एक प्रश्न विचारत आलेय, आता चौतिशीत नवा कुठून आणू?

त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. बाबांच्या हाती तुझा फोन कसा लागला देव जाणे. लागला, झालं ते झालं. तू चार्जरसुद्धा न घेता निघून गेलास. तो माझ्या कपाटात आहे. कधीही येऊन ने.

आता अचानक आठवण कशी झाली म्हणशील, तर सहज. बाजारात केळी घेत होते.

ताई


११ एप्रिल

ढब्बू,

हे पत्र मास्तरांकडे जाणार नाही, माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात राहणार. म्हणून मागच्या पत्रातलं खोटं यात दुरुस्त करून ठेवते. केळ्यांमुळे आठवण झाली हे खरं. बाजारात झाली हे खोटं.

आमच्या संस्थेने एक ॲप काढलंय. तरुण पोरापोरींना एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून. ज्यांना दवाखान्याची पायरी चढायची भीती वाटते, ज्यांच्या घरात हा शब्द नुसता उच्चारला तरी ताट भिरकावलं जाईल, त्यांच्यासाठी. नाव द्यायचं नाही, नंबर द्यायचा नाही. एक चित्र निवडायचं, त्यापुढे आकडा मिळतो. माझ्याकडे किटली ४० आहे, वांगं ११२ आहे, आणि रोज सकाळी भांडायलाच येणारा एक विंचू आहे. मागून कोणी डोकावलं तर फोन जोरात हलवायचा, लगेच हवामानाचं पान येतं. 'ताईशी बोला' असं लिहिलंय त्यावर बोट ठेवलं की सकाळी आठ ते दोन मी असते आणि दोननंतर चष्मिस. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण पोरं तिलाही ताईच म्हणतात. दोघींचा पहिला प्रश्न ठरलेला: "आत्ता तुझ्याशिवाय स्क्रीन कोणी बघतंय का?"

फेब्रुवारीत एका सकाळी जिराफ २१७ ने लिहिलं, "ताई, गोळी चुरून घेतली तर चालते का? मला गोळी गिळताच येत नाही. हसू नका."

लागण होऊ नये म्हणून रोज एक घ्यायची गोळी असते. तपासणी करून आमच्या केंद्रावर देतात. मी आमच्या संस्थेच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाण्यात विरघळवून लगेच पिऊन टाकायला सांग, कडूजहर लागेल एवढंच. तसं लिहिलं. तर तिकडून उत्तर आलं, "लहानपणी माझी बहीण केळ्यात खुपसून द्यायची. मी केळं खायचो, गोळी गालात धरायचो आणि मागच्या खिडकीतून थुंकायचो. तिला अजून माहीत नाही."

मेल्या! आणि मी सगळ्यांना सांगत सुटायचे की आमचा ढब्बू औषध घेताना तोंड वाकडंसुद्धा करत नाही.

आधी म्हटलं, केळ्यात गोळी घालणाऱ्या बहिणी काय थोड्या असतात? पण मग तू बोलत गेलास. बहीण अकरा वर्षांनी मोठी. बाप छापखान्यात. मी शिवणकाम करतो. चार दिवसांत माझी खात्री पटली. त्या दिवशी खुर्चीतून उठले, संडासात जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि रडले. परत येऊन वांगं ११२ ला निरोधाबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. नोकरी म्हणजे नोकरी.

आमचा नियम असा आहे, की समोरचा ओळखीचा वाटला तर त्याच क्षणी त्याला दुसरीच्या हवाली करायचं आणि डॉक्टरीणबाईंना सांगायचं. मी सांगितलं नाही. दोन महिने झाले. रोज सांगायचं ठरवते आणि रोज साडेनऊला तुझा जिराफ येतो. मशीनवर बसायच्या आधी दोन मिनिटं बोलतोस. "घेतली गोळी. कडू." एवढंच कधीकधी. तीन वर्षं तुझा एक शब्द कानावर नव्हता रे. मी ते दुसऱ्या कोणाला कसं देऊन टाकू?

गोळीची आठवण करून देणारी सूचना ज्याने त्याने स्वतः लिहायची असते, म्हणजे फोन कोणाच्या हाती पडला तरी कळू नये. कोणी लिहितं 'पाणी पी', कोणी 'मांजराला खायला घाल'. तुझी मला इथून दिसते. रोज रात्री नऊला तुझ्या फोनवर येतं, 'ताईला फोन कर'. मी स्वतःला दटावलं, की लाडात येऊ नकोस, त्याला पटकन सुचलं ते त्याने लिहिलं. पण रात्री नऊला मी फोन जवळ घेऊन बसते, हे काही सुटत नाही.

आणि मग माझं पत्र तुला मिळालं. तू माझं पत्र मलाच सांगितलंस. "बहिणीचं पत्र आलंय. काय करू?" मी काय लिहावं? आज्ञाच सोडणार होते, लिही लगेच, आज, आत्ता! पण घरच्या बाबतीत सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी लिहिलं, "तुला काय वाटतंय?" तू लिहिलंस, "तिला वाटतं मी तिच्यावर रागावलोय. तिच्यावर नाही. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिला काही माहीतच नव्हतं. ती बाहेर असती तर तिने मला जाऊ दिलं नसतं."

त्यावर मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. दुसरं काही हाताला सापडलं नाही.

ताई


सोमवार, १२ मे, दुपारी अडीच

ढब्बू,

हे वाचशील तिथून ऊठ आणि जा. पत्र नंतर वाच.

तू गोळ्या न्यायचास त्या केंद्रात जा, नाहीतर कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात. एवढंच म्हण, "शनिवारी रात्री अकराला धोका झाला, मला औषध सुरू करायचंय." ते समजतील. अठ्ठावीस दिवस घ्यायचं असतं. बहात्तर तासांच्या आत सुरू केलं तरच त्याचा उपयोग, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तुझे बहात्तर तास उद्या, मंगळवारी, रात्री अकराला संपतात. आमच्या केंद्रात ओळखपत्र लागत नाही. तिथल्या कोणाला मी काही सांगितलेलं नाही, कोणी तुझी वाट अडवणार नाही. मी तिथे येणार नाही. मी तिथे नसेन, तुझ्या गळ्याशपथ.

माझा राग कर, तोंड बघू नकोस जन्मभर. पण आधी जा.

ताई

मास्तरांचं दुकान बंद आहे. कुलपाला कागद बांधलाय, 'गुरुवारपर्यंत बाहेरगावी'. शेजारच्या घड्याळवाल्याकडे त्यांचा नंबर नाही. पत्र शटरच्या फटीतून आत सरकवतेय, दुकानाची किल्ली तुझ्याकडे असते असं घड्याळवाला म्हणाला. खरं असू दे.


गुरुवार, १५ मे

ढब्बू,

घड्याळवाल्याचं खरं नव्हतं. किल्ली मास्तरांच्या बायकोकडे असते आणि ती त्यांच्याबरोबरच गावाला गेली होती. मास्तर आज सकाळी परतले तेव्हा माझं पत्र दारात पडलेलं, त्यावर त्यांच्या चपलेचा ठसा. ते सगळे तास संपून गेले होते. तरी मी ते त्यांना द्यायला लावलं. त्याच्याबरोबर हेही देतेय.

सोमवारी काय झालं ते तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूचं ऐक.

पावणेदहा झाले होते. तीन आठवडे तू "घेतली" असं लिहिलं नव्हतंस. मी दोनदा विचारलं तर म्हणालास, खोलीतल्या पोराने गोळ्यांची बाटली बघितली आणि सगळ्यांसमोर आचरटपणा केला, म्हणून टाकून दिली. मी दुसऱ्या साध्या डबीचा उपाय सांगितला, तू बरं म्हणालास. आणि सोमवारी ते आलं. शनिवारी रात्री काही न वापरता झालं, आणि रविवारी समोरच्याने सांगितलं की त्याला लागण आहे, औषधं त्याने मध्येच सोडलीत. "ताई, मी संपलो का?"

नाही संपलास, मी लिहिलं. तास मोजले. पस्तीस झाले होते. हातात भरपूर वेळ होता रे! मी तुला सगळं नीट सांगितलं, कुठे जायचं, काय म्हणायचं. तू विचारलंस, "ओळखपत्र लागतं का? घरी कळवतात का? कोणी ओळखीचं निघालं तर?" मी लिहिलं, "कोणी ओळखणार नाही तुला. शब्द देते."

तू लिहिलंस, "बघतो."

आता तुझं 'बघतो' मला माहीत नसेल तर कोणाला असणार? अभ्यास कर म्हटलं की बघतो. दाताच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की बघतो. आईच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात येतोस का विचारलं, तेव्हा नऊ वर्षांचं पोर खांबाला धरून म्हणालं, बघतो, आणि आलं नाही. तुझं बघतो म्हणजे नाही. दुसऱ्या कोणत्याही ताईने त्या शब्दावर विश्वास ठेवला असता, अर्ध्या तासाने परत विचारलं असतं, हळूहळू तुला वळवून दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं असतं. ते कसं करायचं हे मी दीड वर्ष शिकलेय. विंचवालासुद्धा मी तसंच नेलं होतं.

पण मला तुझं बघतो माहीत होतं. मी लिहिलं, "ढब्बू, मी आहे. तुझी ताई. खरीच. मी आत्ता येते, तू कुठे आहेस सांग, आपण दोघं जाऊ."

कोणी ओळखणार नाही असा शब्द दिला आणि चार मिनिटांत मीच ओळखलं.

तू ते वाचलंस, वाचल्याची खूण आली. मग जिराफ गेला. खातं बंद केलं की सगळं पुसलं जातं, आमच्याकडे धागासुद्धा राहत नाही. मी आयटीवाल्याच्या खोलीत धावत गेले. काहीतरी शोध म्हटलं, एखादा आकडा, कोपऱ्यात राहिलेलं काहीही. तो म्हणाला, "ताई, काहीच नाहीये. तुम्हीच तर बैठकीत भांडला होतात, की पोराने पुसलं म्हणजे पुसलंच गेलं पाहिजे." भांडले होते. टेबलावर हात आपटून भांडले होते.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासूनचं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ॲपवर सगळ्यांना एक सूचना पाठवली, बहात्तर तासांच्या आत औषध मिळतं, कुठेही जा. हजार पोरांना गेली ती. तुला नाही, कारण तू त्यांच्यात उरला नव्हतास. मी चार दवाखान्यांना फोन केले. एक बारीक मुलगा, हनुवटीवर टाक्यांची खूण, आला होता का? चौघांनी एकच उत्तर दिलं, आम्ही सांगत नाही. बरोबरच आहे त्यांचं. मीही हेच सांगते लोकांना, आणि वर दोन गोष्टी सुनावते.

तुझ्या गळ्याची शपथ घेतली होती ना, मी तिथे नसेन म्हणून? मंगळवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सात मी केंद्रासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. दुकानदाराने शेवटी स्टूल दिलं आणि विचारलं, "बाई, तुमचं नेमकं काय हरवलंय?" तू आला नाहीस. की मला बघून परत फिरलास? हा विचार मला बुधवारी पहाटे आला आणि तेव्हापासून तो माझ्या उरावर बसलाय.

आता दुसरं. हे लिहिल्याशिवाय पत्र देणार नाही, आणि लिहिलं तर तू माझं पुढचं पत्र कधी उघडणार नाहीस, तेही कळतंय.

तुझा फोन बाबांच्या हाती आपोआप लागला नव्हता. मी दिला.

तो चार्जिंगला होता, उजळला, मी वाचलं. तुझ्या त्या मित्राने लिहिलेलं आणि मग वरचं सगळं. मला तुझी किळस वगैरे आली नाही, खरं सांगते. मला भीती वाटली. औषधांच्या दुकानात सात वर्षं उभी होते, कोणकोणत्या आजारांच्या चिठ्ठ्या घेऊन पोरं येतात ते बघितलं होतं. म्हटलं, हे आपल्याच्याने व्हायचं नाही, मोठ्या माणसाला सांगावं, बाबा दोन शब्द बोलतील, पोरगं सावरेल. सावरेल! मी फोन बाबांच्या हातात ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला, म्हणजे ऐकू येऊ नये. तू तिथे मला पाठमोरी बघितलंस आणि तीन वर्षं मला निर्दोष धरलंस. ॲपवर तू तसं लिहिलंस तेव्हा मी अंगठा पाठवला. अंगठा, ढब्बू!

क्षमा वगैरे मागत नाही. ती मागायला तोंड लागतं.

फक्त एक. सहा आठवड्यांनी तपासणी करता येते. पहिली तेव्हा, मग तीन महिन्यांनी पक्की. कुठेही कर. आणि लागण झालेली निघाली तरी औषधं आहेत, रोज घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, दुसऱ्याला लागण देत नाही. मी हे रोज अनोळखी पोरांना लिहिते आणि ते खरं आहे. तुला लिहिलं म्हणून ते खोटं होत नाही.

ताई


२४ जून

ढब्बू,

मास्तर म्हणाले, दोन्ही पाकिटं दिली. वाचली का, म्हटलं. म्हणाले, "माझ्यासमोर खिशात घातली. आणि बाई, तो म्हणालाय, आणखी आणू नका." मग म्हणाले, काम चोख करतो पोरगा. म्हणजे तू उभा आहेस, बसतोस, मशीन चालवतोस. एवढी बातमी मी महिनाभर पुरवून पुरवून खाल्ली. हे पत्र तुझ्याकडे येणार नाही. लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा प्रश्न.

मला दोन आठवडे घरी बसवलं होतं. बाबा म्हणाले, काढलं का तुला? म्हटलं, चूक केली. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कोणती?" मी सांगितली. दोन्ही सांगितल्या. फोन मीच दिला होता हे त्यांना ठाऊकच होतं, पण तू पुढे कुठे पोचलास ते नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "त्याला काही झालंय का?" मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी निघताना विचारतात, "कळलं का काही?" आणि मी रोज नाही म्हणते. त्यांना आता तुझ्याशी बोलायचंय. उशिरा सुचलं, पण सुचलंय.

मला परत घेतलं कारण सकाळच्या पाळीला दुसरं माणूसच मिळेना. आणि आज दहा वाजून वीस मिनिटांनी एक नवं चित्र आलं. बादली ३. माझा ठरलेला प्रश्न जायच्या आत तिकडून आलं, "तुम्ही सकाळच्या ताई की दुसऱ्या? मी मागे इथे होतो. सकाळच्या असाल तर जातो. दुसऱ्या असाल तर मला रिपोर्टबद्दल बोलायचंय."

सहा आठवडे आणि तीन दिवस. मी तारखेचा हिशेब मांडलेलाच होता.

ढब्बू, मी 'दुसरी' असं टाइप केलं. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून सांगते. तीन अक्षरं. बोट बटणावर ठेवलं होतं. एवढं एक खोटं बोलले असते तर तू सगळं सांगितलं असतंस, रिपोर्टमध्ये काय आहे, ते औषध तुला मिळालं होतं की नाही, त्या मंगळवारी तू आला होतास की नाही. मला कळलं असतं. बाबांना उद्या सकाळी उत्तर देता आलं असतं. आणि तुला काही झालं असतं तर दुसरी ताई म्हणून का होईना, मी तुझ्याजवळ असते. किती गोड वाटलं ते सगळं, तुला काय सांगू.

पुसलं. लिहिलं, "सकाळचीच आहे. जाऊ नकोस. दुसऱ्या ताईंना बोलावते. तू जे लिहिशील ते मला दिसणार नाही."

चष्मिस घरी होती, पलीकडच्याच गल्लीत, तिची पाळी दोनची. फोन केला तर म्हणाली डोकं धुतेय. म्हटलं, तशीच ये. ती येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका होता आणि मी हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण मोकळे असते तर त्यांनी काहीतरी लिहिलं असतं. ठिपका गेला नाही. तू थांबलास. ती ओल्या केसांनी, उलटा टॉवेल खांद्यावर घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, खुर्चीत बसली आणि स्क्रीन स्वतःकडे वळवली.

मी बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसले. दार बंद होतं. आतून फक्त बटणांचा आवाज येत होता. तिच्या टाइप करण्यावरून काही कळतंय का बघत होते. भरभर, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत भरभर. सव्वा तास तू बोललास.

ती बाहेर आली. मी काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. तिने बोलायचंच नाहीये, आणि ती बोलली असती तर मीच तिची तक्रार केली असती, हे दोघींना ठाऊक होतं. तिने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण तो ती सगळ्यांच्याच खांद्यावर ठेवते. डोळे बघितले, तर तिने चष्मा पुसायला काढलेला होता.

मग आम्ही जेवायला बसलो. मला घास जाईना. मी तिच्याकडेच बघत होते. तिने डबा उघडला, खाली बघत शांतपणे जेवली, शेवटचा घाससुद्धा टाकला नाही, डबा धुऊन आणला.

पूर्ण जेवली ती, ढब्बू. मग चांगलाच असेल ना रे रिपोर्ट? नाहीतर घशाखाली कसा उतरला असता घास?

की तिला आता सवय झालीय?